पुंडलिकाचा श्वास

वडजांबळी गावात भिवाजी महाराजांचा मुक्काम होता, तेव्हाची ही हकिकत. ओढ्याकाठच्या मठात महाराज घोंगडीवर बसत. मठाची एक रीत होती. संध्याकाळी आरतीआधी गुरवाने पायरीवर उभं राहून विचारायचं, "गावात सगळ्यांचे दिवे लागले का?" पूर्वी गुरव घरोघर फिरून बघत असे म्हणे. पुढे पायरीवरूनच काम भागू लागलं. उत्सव समितीचे अध्यक्ष दौलतराव "लागले" म्हणाले, की आरती सुरू. इतकं सोपं!

मठाची झाडलोट वच्छलाबाई करीत. त्यांचा नवरा पुंडलिक खाणीत खडी फोडून फोडून छातीने खचलेला. दवाखान्याने दिलेल्या वाफेच्या यंत्रावर त्याचा श्वास चाले, आणि यंत्र चाले विजेवर. तीन महिन्यांचं बिल थकलं होतं. नेमकं उत्सवाच्या दिवशी दुपारी वायरमन बबन खांबावरून त्यांच्या घराची तार सोडवून गेला. त्या बिचाऱ्याच्या तरी हातात काय होतं? वच्छलाबाई धावत मठात आल्या. वर्गणीतून तेवढं बिल भरा, मी मजुरी करून फेडीन, म्हणून विनवू लागल्या. दौलतराव तेव्हा रोषणाईच्या माळा लावून घेत होते.

"वर्गणी देवाची आहे, बाई," ते चारचौघांत हसत म्हणाले. "इतकी वर्षं महाराजांची ओसरी झाडलीत ना? मग त्यांनाच सांगा वीज सोडायला."

माणसाने किती लागेल असं बोलावं! वच्छलाबाई महाराजांकडे वळल्या. त्यांनी महाराजांचे पाय धरले. महाराज एवढंच म्हणाले, "माय, घरी जा आणि यंत्राचं बटण दाब."

तार सुटलेली, आणि म्हणे बटण दाब! दौलतरावांना हसू आवरेना. पण ती बाई एक प्रश्नही न विचारता उठून गेली, हे मात्र त्यांना कुसळासारखं टोचत राहिलं. खरंच दाबलं असेल का तिने बटण?

दिवस मावळला. गुरवाने विचारलं, दौलतरावांनी सवयीने "लागले" म्हटलं आणि रोषणाईचा खटका दाबला. एक दिवा पेटेल तर शपथ! फ्यूज बदलून झाला. बबनने टेस्टर लावला, तर वीज होती. गावात उजेड आणि मठ तेवढा अंधारात!

महाराज हळूच म्हणाले, "दौलतराव, लागले म्हणालात, ते बघून म्हणालात का?"

दौलतरावांना घाम फुटला. बबनला घेऊन ते तडक वच्छलाबाईंच्या घराकडे निघाले. घर काळोखात होतं, पण आतून घरघर ऐकू येत होती. बबनने खांबावर बॅटरी मारली. सोडलेली तार तशीच लोंबत होती. आत शिरून पाहतात तो काय, यंत्र चालू! वाफ येत होती, पुंडलिक डोळे मिटून संथ श्वास घेत होता. दौलतरावांचा विश्वास बसेना. त्यांनी वाकून यंत्राची पिनच उपसली. पिन हातात आली, तरी यंत्र चालूच राहिलं. त्यांनी ती पुन्हा जागेवर खोचली.

"बबन, तार जोड. उद्या बिल मी भरतो," ते कसेबसे म्हणाले.

परतताना ते दारोदार डोकावत आले. आणखी तीन घरांची वीज तोडलेली होती. इतक्या वर्षांत हे आपल्याला ठाऊकच नव्हतं, याची त्यांना भारी लाज वाटली.

मठात रोषणाई आपोआप लागली होती. तिकडे न बघता दौलतरावांनी महाराजांच्या पायांवर डोकं ठेवलं. इतक्या जवळून त्यांना ऐकू आलं, महाराजांची छाती घरघरत होती. अंग घामाने भिजलं होतं.

"महाराज, हे काय?"

"पुंडलिकाचं दुखणं आहे, दुपारपासून घेतलंय," महाराज धापा टाकीत म्हणाले. "बिल भरलंत की उतरेल."

दौलतरावांच्या डोळ्यांना धार लागली. चारही घरांची बिलं सकाळीच भरतो, असं त्यांनी रडत रडत सांगितलं. पायांवरचं डोकं मात्र त्यांच्याने किती तरी वेळ उचलवेना.