छातीच्या उंचीवर

चूक जानू भगताचीच. तीन वर्षं म्हातारा सगळं बघत होता आणि गप्प होता.

“आणि हे तुम्ही मला आज सांगताय?” केतनने विचारलं.

भगत ऐनाच्या मुळीवर बसून विडी ओढत होता. त्याने नुसती मान हलवली.

जव्हारकडच्या त्या उतारावरच्या ऐनांना केतन राऊळ तीन वर्षं पोकळ गिरमिटाने भोकं पाडत आला होता. खोडातून पेन्सिलीएवढी कांडी निघायची. तिच्यावर झाडाच्या वाढीची वर्तुळं, वर्षाला एक. रुंद म्हणजे भरपूर पाऊस, बारीक म्हणजे कोरडं वर्ष. साठेक वर्षांपूर्वीची तीन वर्तुळं सगळ्या झाडांत केसासारखी बारीक. कुठल्याच दप्तरात नसलेला दुष्काळ त्याने शोधून काढला होता. अख्खा प्रबंध त्यावर उभा. सोमवारी विद्यापीठात द्यायचा होता.

आज तो पेढे घेऊन निरोप घ्यायला आला. दुष्काळाचं मोठ्या तोऱ्यात सांगितलं. तर भगत म्हणाला, कसला दुष्काळ?

“त्या वर्षांत पाऊस इतका झाला, की आम्ही वरपर्यंत नवी खाचरं काढली. खाचरं वाढली की राबही जास्त लागतो.”

राब… भाताचं रोप टाकण्याआधी जमीन भाजायची, त्यासाठी झाडांच्या फांद्या तोडायच्या. केतनला शब्द माहीत होता. पुस्तकातून.

“कुठल्या झाडांच्या फांद्या?”

भगत उठला. तंबाखूने पिवळी पडलेली दोन बोटं त्याने केतनच्या हनुवटीखाली लावली आणि वर ढकलली.

गिरमिट छातीच्या उंचीवर लावायचं, असा नियम. त्याच्या वर केतनने तीन वर्षांत कधी धड बघितलंच नव्हतं.

दोन पुरुष उंचीवर, खोडाला मुठीएवढ्या गाठी होत्या. जुन्या घावांवर साल चढलेली. शेजारच्या झाडाला तशाच. त्याच्या पलीकडच्यालाही…

पेढ्यांचा पुडा खाली ठेवून तो झाडामागून झाड बघत गेला.

“कोणी तोडल्या?”

“मी. माझ्या भावांनी. तीन वर्षं लागोपाठ. पार बोडकी केली होती. पानंच नाहीत, तर वाढणार कशी?”

केतन भगताच्याच पडवीत झोपत आला होता, त्याच्याच घरची भाकरी खात आला होता. एकदा तरी बोलायचं.

“पहिल्या दिवशी तूच म्हणालास, माणसं विसरतात, थापा मारतात, म्हणून मी झाडांना विचारतो. म्हटलं, विचारू दे.”

हे काय उत्तर झालं? म्हाताऱ्यांचं हे असंच. गप्प बसतात आणि वर त्याचीही शिकवण करून ठेवतात. केतन तिथेच खाली बसला.

“तीन वर्षं गेली माझी.”

भगताने खोडावर तळवा टेकवला…

“यांचीही तीनच गेली.”