हैबती शिंप्याची मोटार

फार वर्षांपूर्वी म्हणजे किती, ते विचारू नका. घाटात सडक नवी होती आणि मोरखिंडीला दिवसातून एकदाच मोटार यायची, तेव्हाची ही गोष्ट आहे. आमच्या गावचा माणूस ती सांगताना खाली मान घालून सांगतो. मीही खालीच बघणार आहे, तुम्ही माझ्या तोंडाकडे बघू नका. आणि ए पुढच्या पोरांनो, मधे एका ठिकाणी तुम्हाला हसू येईल. तिथं हसायचं नाही, आधीच सांगून ठेवतो.

तर गावात हैबती नावाचा शिंपी होता. नाव हैबती, पण माणूस इतका भिडस्त की स्वतःच्या घरात शिरतानाही खाकरून शिरायचा. त्याच्याकडे माप घ्यायची पट्टी नव्हती. गिऱ्हाईक उंबऱ्यात उभं राहिलं की तो एकदा वर बघायचा, एकदा खाली बघायचा आणि कात्री घ्यायचा. अंगरखा असा बसायचा की जणू अंगावरच शिवला. असं म्हणतात की धुणं वाळत घालणाऱ्या बाईच्या सावलीवरून त्यानं तिची चोळी बेतली होती, आणि ती दोराभरही चुकली नव्हती.

मग मोटार आली. तालुक्याहून निघून घाट चढून यायची, पारासमोर उभी राहायची आणि उलट्या पावली परत जायची. कपाळावर ‘श्री भैरवनाथ प्रसन्न’ लिहिलेलं, बाजूला रबरी भोंगा, आत बावीस माणसांची बसायची सोय. सगळा गाव बघायला लोटला. लोकांनी दोन दिवस बघितली आणि तिसऱ्या दिवशी आपापल्या कामाला लागले. हैबती मात्र बघतच राहिला. बघता बघता त्याच्या मनानं घेतलं, की ही मोटार आपण करायची. अगदी अशीच, पण लहान.

त्या काळच्या गजात चोवीस तसू असायचे. हैबतीनं ठरवलं, खरी मोटार जिथं गजभर तिथं आपली तसूभर. खरी दहा गज लांब, तर आपली दहा तसू. घासलेटच्या डब्याचा पत्रा कात्रीनं कापून त्यानं अंग केलं. रिळांची चाकं केली, त्यांवर सायकलच्या ट्यूबचं रबर चढवलं. फुटक्या बांगडीच्या काचेचे दिवे बसवले. बाकांना खऱ्या मोटारीसारखंच हिरवं कापड, आणि त्या कापडाला तिसऱ्या बाकावर उजव्या कोपऱ्यात फाटलेलं होतं तर तिथं फाडलंसुद्धा. कपाळावरची अक्षरं त्यानं एका केसानं लिहिली, असं म्हणतात. कुणाचा केस ते काही म्हणत नाहीत, पण त्याच्या बायकोचे, ठकूबाईचे केस लांब होते.

आता हे सगळं चोरून चाललेलं. चाळिशी उलटलेला, पोरीचं लग्न झालेला बाप्या माणूस, आणि खेळण्यातली मोटार करतो? लोक काय म्हणतील! म्हणून तो ती मोटार चिंध्यांच्या गाठोड्यात लपवून ठेवायचा. पण मोटारीचं पोट कसं आहे ते तिच्याखाली शिरल्याशिवाय कळत नाही. त्यावर हैबतीनं युक्ती काढली. मोटार पारासमोर उभी असली की तो जवळून जायचा, थबकायचा आणि म्हणायचा, “अरेच्चा, सुई पडली!” आणि गाल मातीला लावून मोटारीखाली बघत पडायचा. रोज सुई पडायची. ड्रायव्हर कादरभाई भला माणूस. त्यानं बिचाऱ्यासाठी तालुक्याहून एक लोहचुंबक आणून दिलं. हैबतीनं ते घेतलं आणि दोन दिवस त्याच्या घशाखाली भाकरी उतरली नाही.

इथवर सगळं बरं होतं. आता माझा आजा येतो.

माझा आजा सुभानराव. आवाज असा की पारावर बोलला तर ओढ्यापलीकडं ऐकू जायचं. तो एके दिवशी दुपारी अंगरखा आणायला हैबतीकडं गेला, आणि खाकरल्याशिवाय आत शिरला. बघतो तर काय, हैबती जमिनीवर आडवा. गाल भुईला टेकलेला, एक डोळा मिटलेला, आणि पुढ्यात दहा तसूंची मोटार. ती बोटानं ढकलत हैबती तोंडानं आवाज काढत होता, “घुर्रर्र... घुर्रर्र...”

हसू नका म्हटलं ना!

आजा मात्र हसला. पोट धरून हसला, आणि हसत हसत पारावर गेला आणि चार लोकांना सांगितलं. त्या चौघांनी गावाला सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून हैबती रस्त्यानं निघाला की पारावरून आवाज यायचा, “घुर्रर्र!” पाणवठ्यावर बाया ठकूबाईला विचारायच्या, “काय गं, पाळणा टांगलास का दादल्याला?” देवळात आरतीला उभा राहिला तर मागून कुणीतरी हळूच भोंगा वाजवल्यासारखं करायचं. गावाला वाटायचं, गंमत आहे, कुणाचं काय जातंय. हैबतीनं देवळात जाणं सोडलं. शिवलेले कपडे तो ठकूबाईच्या हाती पाठवायला लागला. आपण माणसातून उठलो, असं तो तिला म्हणाला होता.

मोटार गाठोड्यात तशीच राहिली. सगळी झाली होती, फक्त मागच्या डाव्या चाकावरचे पाटे राहिले होते. पाटे म्हणजे चाकावर एकावर एक बसवलेल्या पोलादी पट्ट्या, मोटारीचा सगळा भार त्यांच्यावर असतो. एवढंच एक अंग अधुरं, आणि ते त्याला चैन पडू देईना. शेवटी एका दुपारी, गाव जेवून आडवं झालेलं आणि कादरभाई ओढ्यावर हातपाय धुवायला गेलेला बघून तो गेला आणि मोटारीखाली शिरला. पाटे मोजले, सात होते. सर्वांत वरचा पाटा निरखताना त्याला चिखलाखाली एक रेघ दिसली. केसाएवढी तांबडी रेघ. त्याचं काम रेघ बघायचं आणि तशीच उतरवायचं. घरी येऊन त्यानं मोडक्या घड्याळाच्या कमानीचे सात तुकडे केले, आणि वरच्या तुकड्यावर कात्रीच्या टोकानं ती रेघही काढली. जे दिसलं ते सोडून द्यायचं, हे त्याच्या हाताला ठाऊकच नव्हतं.

मोटार पुरी झाली. दुसऱ्या दिवशी तालुक्याचा बाजार होता, आणि बाजारच्या दिवशी मोटार सकाळीच यायची. सकाळी उजाडल्यावर त्यानं कापड बेतायची फळी भिंतीला तिरकी लावून घाट केला आणि मोटार सोडली. मोकळी मोटार नीट उतरली. मग त्याला वाटलं, बाजारच्या दिवशी ती भरलेली असते. त्यानं चिंचोक्यांच्या बावीस पुरचुंड्या बांधून बाकांवर ठेवल्या आणि पुन्हा सोडली. फळीच्या मध्यावर टिचकन आवाज झाला. वरचा पाटा त्या रेघेवर तुटला, मोटार डावीकडं कलली आणि फळीवरून खाली पडली. बावीस पुरचुंड्या जमिनीवर सांडल्या.

आमच्या घाटात उतरताना सातव्या वळणापर्यंत दरी डाव्या हाताला आहे.

हैबतीला खऱ्या पाट्यावरची तांबडी रेघ आठवली. त्यानं तुटक्या पाट्याजागी घाईनं दुसरा बसवला, मोटार पिशवीत घातली आणि उठला. उंबऱ्यापाशी मात्र त्याचे पाय थांबले. ठकूबाई म्हणाली, “जावा की. हसतील तर हसू द्या.” तो गेला. पारासमोर मोटार भरून उभी होती. बाया, म्हातारी माणसं, कोंबड्यांच्या दुरड्या, आणि पुढं कादरभाईच्या शेजारी माझा आजा. हैबती महिन्यानं चारचौघांत आलेला. त्यानं तोंड उघडलं, पिशवीत हात घातला, आणि तेवढ्यात आजानं पिशवीतून डोकावणारं चाक बघितलं. तो त्या आवाजात ओरडला, “घुर्रर्रर्र! अरे, जागा द्या, हैबतीची मोटार पण बाजारला निघाली!”

सगळी मोटार हसली. कादरभाईसुद्धा हसला, मग त्यालाच कसंतरी वाटलं आणि त्यानं मऊ आवाजात विचारलं, “काय शिंपीमामा, काही काम होतं का?”

हैबती लालबुंद झाला. ओठ हलले. बावीस माणसांचा जीव त्याच्या जिभेवर होता, आणि तो म्हणाला, “काही नाही. सुई पडली माझी.”

भोंगा वाजला, मोटार निघाली.

तो दहा पावलं घराकडं चालला, असं म्हणतात. ती दहा पावलं कशी पडली असतील, ते त्याचं त्याला माहीत. अकराव्या पावलाला तो वळला आणि धावत सुटला. मोटारीला सात वळणं घालून उतरावं लागतं, पायवाट सरळ कडा उतरते. त्या वाटेनं बकरीसुद्धा जपून जाते. हैबती तिथून असा उतरला की त्याचे पाय भुईला लागलेच नाहीत, असं म्हणतात. करवंदीच्या जाळीनं त्याचं धोतर फाडलं, त्यानं वळूनही पाहिलं नाही. सहाव्या आणि सातव्या वळणाच्या मधे तो सडकेवर आला. वरून भोंगा ऐकू येत होता. हात हलवून थांबवावं, तर लोक म्हणणार, आला बघा खुळा, आणि कादरभाई हसून बाजूनं काढणार. मग त्यानं पिशवीतून आपली मोटार काढली, सडकेच्या मधोमध ठेवली, तोंड घाटाकडं केलं. तिच्यामागं तो आडवा झाला, गाल सडकेला टेकवला, एक डोळा मिटला आणि आवाज काढला. “घुर्रर्र...”

यानंतर मोटारीतल्या बावीस माणसांनी जे बघितलं ते त्यांनी मरेपर्यंत शपथेवर सांगितलं. वळण घेतलं तर समोरून मोटार येत होती! खरी, पुरी दहा गजांची, आपलीच मोटार. कपाळावर भैरवनाथ प्रसन्न, तोच भोंगा, तेच दिवे, आणि सगळा घाट तिच्या आवाजानं घुमत होता. आत माणसं बसली होती. म्हातारीनं स्वतःला पाहिलं, दुरडीवालीनं आपली दुरडी पाहिली. माझ्या आजानं कादरभाईच्या शेजारी बसलेला सुभानराव पाहिला. त्याचं तोंड उघडं होतं, दात दिसत होते, तो हसत होता. आजा म्हणायचा, “मी हसताना असा दिसतो, हे मला तोवर माहीत नव्हतं.”

कादरभाईनं होता नव्हता तेवढा जोर लावून ब्रेक मारला. टिचकन आवाज झाला, मागचा डावा पाटा तुटला, मोटार कलली, फरफटत गेली आणि दरीच्या काठावरच्या धोंड्याला अंग टेकून थांबली. तो धोंडा अजून तिथं आहे. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. पुढचं चाक हैबतीच्या नाकापासून वीतभर अंतरावर होतं, आणि त्याची मोटार त्या चाकाखाली चपटी झाली होती.

समोरून आलेली मोठी मोटार कुठंच नव्हती. माणसं उतरली आणि गोल उभी राहिली. हैबती उठला, फाटकं धोतर सावरलं. बावीस माणसं आपल्याला असं रस्त्यात आडवं पडून खेळताना बघतायत, एवढंच त्याच्या ध्यानात आलं. तो कुणाकडंही न बघता म्हणाला, “माफी असावी. सुई...” आणि पुढं त्याला बोलवेना.

आणि अहो, कुणी बोललं नाही! कादरभाईनं तुटलेला पाटा बघितला, ती तांबडी रेघ बघितली आणि मटकन खाली बसला. आजाला सगळं कळलं होतं. पुढं होऊन पाय धरावेत, असं त्याच्या मनात आलं होतं. पण शरमेनं ते त्याच्याच्यानं झालं नाही. ज्याचा आवाज ओढ्यापलीकडं जायचा, त्याच्या तोंडातून शब्द फुटला नाही. सगळेच तसे, माना खाली घालून उभे. हैबतीला वाटलं, हे हसू दाबतायत. तो पायवाटेनं घरी गेला.

संध्याकाळी सगळं गाव हात जोडून त्याच्या दारात गेलं. दाराला कडी होती. आत फळी होती, चिंचोके होते. ठकूबाईनं डोक्यावर शिवणयंत्र घेतलेलं कुणीतरी पलीकडच्या खिंडीत बघितलं, एवढंच. आजानं सात वर्षं बाजार पालथे घातले. शिंप्याचं दुकान दिसलं की बाहेर थांबून खाकरायचा आणि मग आत शिरायचा. हैबती काही भेटला नाही. कुणी म्हणतं, तो समोरून आलेल्या त्या मोटारीत बसून निघून गेला, आणि धुक्याच्या सकाळी घाटात अजून तिचा आवाज येतो.

तेव्हापासून आमच्याकडं खंडेनवमीला हत्यारांची, गाड्यांची पूजा होते ती सातव्या वळणाच्या अलीकडं, त्या धोंड्यापाशी. ती चपटी झालेली मोटार ताटात घालून नेतात. गावातली सगळी वाहनं ओळीनं उभी राहतात, आणि ज्यानं त्यानं गाल सडकेला टेकवून आपल्या गाडीखाली बघायचं असतं. ज्याला जे खटकलं असेल ते त्यानं त्या दिवशी मोठ्यानं सांगायचं. गाडीचं असो, घरचं असो, गावचं असो, आणि सांगणारा शेंबडं पोर का असेना. मोटारीचं ताट बाहेर निघाल्यापासून परत देवळात येईपर्यंत मोरखिंडीत हसायला बंदी आहे. बाहेरगावचे पाहुणेही ती पाळतात. शेवटी प्रत्येक घरची बाई एक सुई आणून लाल फडक्यात टोचते.

आणि मग आमच्या घरातल्या वडीलधाऱ्याचं नाव पुकारतात. पहिल्या वर्षापासून आजानं केलं, मग बापानं केलं. आता नऊ वर्षं मी करतोय. सगळ्या गावासमोर, सुनानातवंडांसमोर मी धोतर सावरत सडकेवर आडवा होतो. गाल टेकवतो, एक डोळा मिटतो आणि तोंडानं आवाज काढतो, घुर्रर्र.

कुणी हसत नाही. एवढी माणसं नुसती उभी असतात. आणि खरं सांगू का, तसं पडल्या पडल्या दर वर्षी मला वाटतं, कुणीतरी एकानं तरी हसावं.