मोरखारचा बांध आणि पोशीची हाक

फार वर्षं झाली. मोरखारला तेव्हा भात पिकायचं. आज खाडीकाठी जाऊन बघाल तर खरं वाटणार नाही, पण पिकायचं, आणि असं पिकायचं की पाहुण्याला पोटाला तडस लागेपर्यंत वाढल्याशिवाय कोणी उठू देत नसे. शेतं होती भरतीच्या पाण्याहून खाली. मध्ये मातीचा एक बांध. त्याच्या अलीकडे गाव जेवत होतं आणि पलीकडे खाडी टपून बसलेली होती.

बांध राखायची पोशी. नवरा गेलेला, पोटी मूल नाही, बांधाला लागून एवढंसं शेत. खेकडे बांधात बिळं पाडतात, बिळातून पाणी झिरपतं आणि बघता बघता त्याचं भगदाड होतं. पोशी अनवाणी चालायची. टाचेला गार लागलं की तिथे बीळ, हे तिला कळायचं. असं म्हणतात, तिची चाहूल लागली की खेकडे आपणहून बाहेर येऊन वाट धरायचे. भगदाड मोठं असलं तर ती हाक मारायची. हाक ऐकली की अख्खं गाव टोपल्या घेऊन धावायचं. शेत कोणाचं, हे कोणी विचारत नसे.

मग एका शिमग्याला गावानं माती खाल्ली. पालखी आधी कोणाच्या अंगणात नाचवायची, यावरून वरची आळी आणि खालची आळी भांडल्या. डोकी फुटली, सोयरिकी मोडल्या, आणि बांधावरसुद्धा एकमेकांचं तोंड बघायचं नाही असं ठरलं. पाळ्या लावल्या. चंद्र वाढता असेल तेव्हा वरच्या आळीनं धावायचं, घटता असेल तेव्हा खालच्या. मोठे शहाणे! ज्या दिवशी चंद्रच नसतो त्या दिवशी कोणी धावायचं, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. आणि अमावास्येला तर उधाण ठरलेलं. पुढच्या अमावास्या पोशीनं एकटीनं निभावल्या, म्हणून ती चूक कोणाला दिसलीच नाही.

भादव्यातली सर्वपित्री अमावास्या आली. शेतात लोंब्या भरल्या होत्या. घरोघर पितरांची पानं वाढून ठेवलेली आणि माणसं दारात कावळ्याची वाट बघत बसलेली. ऐन दुपारी भरती चढली आणि बांध खचला. पोशीनं मातीच्या टोपल्या ओतल्या, पेंढा कोंबला, आपल्या खोपीचं छप्परही ओढून भगदाडात घातलं. पाणी थांबेना. मग तिनं हाक मारली. तशी ती घाबरली नव्हती. माणसं येतील, हे तिला ठाऊक होतं. वरच्या आळीत तर तिचा सख्खा भाऊ जोमा होता.

जोमाची बायको म्हणाली, "अवो, तुमची भईन हाका मारतंय."

"मारू दे. आज पाली खालच्या आलीची हाय. त्ये जातील."

खालच्या आळीत म्हातारा हाशा म्हणाला, "आमचा चंद्र कालच सरला. आता वरल्यांनी बघावं. वाढलेलं पान सोडून कोन उठंल?"

कोणी येत नाही असं बघून पोशी स्वतःच भगदाडात बसली, पाठ खाडीला लावून, तोंड गावाकडे करून. "या रं कोनतरी! पाली कोनाची पन असू द्या, या!"

असं म्हणतात, त्या हाकेसरशी खाडीचं पाणी जागच्या जागी थबकलं. गावातून कोणी निघालंय का, ते बघत उभं राहिलं. खाडीला दया आली, गावाला आली नाही.

आता मात्र पोशीला भय वाटलं, आणि भयापेक्षा जास्त वाईट वाटलं. ती एकेका घराचं नाव घेऊन बोलावू लागली. जिथल्या बाळंतपणात ती राबली होती ते घर, ज्यानं तिला शिव्या दिल्या होत्या ते घर, एकही सोडलं नाही. शेवटचं नाव जोमाचं होतं. खाडी तरी किती थांबणार?

इकडे दुपार कलली तरी एकाही पानाला कावळा शिवला नव्हता. तेव्हा माणसं बाहेर आली. हाकेसाठी नव्हे बरं का, कावळ्यांसाठी. बघतात तर गावातले झाडून सगळे कावळे बांधावर घिरट्या घालत होते. मग दोन्ही आळ्या धावत सुटल्या. जोमा सगळ्यांच्या पुढे होता आणि ओरडत होता, "आयलो गं पोशे, आयलो!"

बांध राहिला नव्हता, पोशीही नव्हती. लोंब्यांवरून पाणी वाहत होतं. तिचा देह कधी सापडला नाही.

पुढच्या वर्षी खारावलेल्या मातीत भात पेरलं ते करपलं. त्याच्या पुढच्या वर्षी उगवलंच नाही. मग खारफुटीची तिवरं आली, आणि जी जमीन खाडीनं घेतली ती परत दिली नाही. पोरं पोटासाठी परगावी गेली. आळ्यांचं भांडण मिटलं, कारण भांडायला काही उरलंच नाही.

अजूनही सर्वपित्रीला मोरखारात पितरांचं पान वाढण्याआधी सगळं गाव, दोन्ही आळ्यांचं, भरतीच्या वेळेला चिखलात जाऊन उभं राहतं. गावातली सर्वांत नवी सून मोठ्यानं म्हणते, "या रं कोनतरी!" आणि सगळे एका आवाजात म्हणतात, "आयलो गं पोशे, आयलो!"

मग पोशी काही बोलेल म्हणून सगळे थांबतात. ती आजवर कधीच बोललेली नाही.