टेकडीवरची रिकामी जागा

प्रभागाचा आराखडा तिघांनी मिळून केला. एकाने रस्ते आखले, दुसऱ्याने गटारं, तिसऱ्याने बाग. टेकडीवरची घरं दुसरा कुणी दाखवील, असं प्रत्येकानेच गृहीत धरलं. तिन्ही कागद एकावर एक ठेवले, तर टेकडी कोरी!

"रिकामीच आहे जागा. बाग इथेच," मुख्य नगररचनाकार निगुडकर सहीसाठी पेन काढत म्हणाले.

टेकडीवरच जन्मलेल्या आरेखक कांताने दुसरा कागद पुढे केला. "साहेब, यावरही सही हवी. घरं सोडायची नोटीस आहे, तुम्हीच लिहायला सांगितलेली. रिकाम्या जागेत ती कुणाच्या दारावर चिकटवायची, तेवढं सांगा."

निगुडकरांनी पेनाला टोपण लावलं.

कांताने नकाशावर साठ घरं काढली. ती उद्याही पाडता आली असती. नव्हतीच, असं मात्र आता कुणाला म्हणता आलं नसतं.