भात बंद, मुंगी उपाशी

मला मुंग्यांची भाषा येते. सगळ्या मुंग्यांची. बरं, सगळ्या नाही, एकीची. तीसुद्धा ती हळू बोलली तर. आणि मी चष्मा लावला तर.

तर एक होती मुंगी. एवढीशी. तिळाला तीट लावावी, एवढी. ती राहायची स्वयंपाकघरात, भिंतीच्या फटीत. फटीत तिची पिल्लं.

त्या घरात एक बाबा होता. बाबा जेवायला बसला की आधी ताटाबाहेर चार शितं ठेवायचा. मोठी माणसं त्याला चित्राहुती म्हणतात. शब्द मोठा आहे, माझ्या दातात अडकतो. मुंगी म्हणायची, माझा वाटा. हे बरं.

रोज भात. रोज वाटा. रोज पिल्लं खूश.

एक दिवस बाबा वजनकाट्यावर उभा राहिला. काटा म्हणाला, कर्रर्र. मग आई उभी राहिली. काटा म्हणाला, कुर्रर्र. दोघांनी ठरवलं. भात बंद. पोळी बंद. साखर बंद. गुहेतला माणूस खायचा तेच खायचं. अंडी, रताळी, खोबरं, पाला.

(वाचणाऱ्याने पोट आत ओढू नये. मी बघितलंय.)

भात बंद म्हणजे शीत बंद. शीत बंद म्हणजे वाटा बंद. परवा नाही. काल नाही. आज रविवार, तरी नाही. पिल्लं रडायला लागली. किंईं किंईं.

मुंगी वैतागली. निघाली. तुरुतुरु तुरुतुरु.

बाबा टेबलाशी बसला होता.

"बाबा बाबा, वाटा दे."

"का गं मुंगे?"

"बाबा वाटा देत नाही,
पिल्लं रडायची थांबत नाहीत."

बाबाचं पोट बोललं, गुर्रर्र. बाबा म्हणाला, "माझंच ताट रिकामं, तुला कुठून देऊ? आई ताट वाढत नाही, मी वाटा देत नाही. जा."

मुंगी गेली. तुरुतुरु तुरुतुरु.

आई चिरत होती. चक चक चक.

"आई आई, ताट वाढ."

"का गं मुंगे?"

"आई ताट वाढत नाही,
बाबा वाटा देत नाही,
पिल्लं रडायची थांबत नाहीत."

आईने कपाळावरचे केस मनगटाने मागे सारले. म्हणाली, "सकाळपासून चिरतेय. दुधी चिरला, गाजर चिरलं, कोबी चिरला. आठवडाभराचं आजच. उद्यापासून ऑफिस. डबा भरत नाही, मी ताट वाढत नाही. जा."

मुंगी गेली. तुरुतुरु तुरुतुरु.

डबा ओट्यावर होता. आ करून बसला होता.

"डबा डबा, भर."

"का गं मुंगे?"

"डबा भरत नाही,
आई ताट वाढत नाही,
बाबा वाटा देत नाही,
पिल्लं रडायची थांबत नाहीत."

डब्याने झाकण आपटलं, खडम. म्हणाला, "अर्धा पाला आहे माझ्यात. अर्धा रिकामा. तिथे अंडी हवीत, रताळी हवीत. कुकर शिजवत नाही, मी भरत नाही. जा."

मुंगी गेली. तुरुतुरु तुरुतुरु.

कुकर गॅसवर होता. फुस्स फुस्स. मुंगी लांबच उभी राहिली. शहाणी होती.

"कुकर कुकर, शिजव."

"का गं मुंगे?"

"कुकर शिजवत नाही,
डबा भरत नाही,
आई ताट वाढत नाही,
बाबा वाटा देत नाही,
पिल्लं रडायची थांबत नाहीत."

कुकर तापला. तसा तो तापलेलाच होता. म्हणाला, "सगळे मलाच बोलतात. कुकर बिघडला म्हणे. कुकर म्हातारा झाला म्हणे. अरे, माझी शिट्टी कुठाय? डोकं उघडं माझं. सगळी वाफ चालली. बकू शिट्टी देत नाही, मी शिजवत नाही. जा."

बकू म्हणजे त्या घरातली छोटी मुलगी. तुमच्याएवढी. पण तुमच्यासारखी शहाणी नाही. (आता खोटं हसू नका.)

मुंगी गेली. तुरुतुरु तुरुतुरु.

बकू टेबलाखाली होती. शिट्टी तिच्या मुठीत होती.

"बकू बकू, शिट्टी दे."

"का गं मुंगे?"

"बकू शिट्टी देत नाही,
कुकर शिजवत नाही,
डबा भरत नाही,
आई ताट वाढत नाही,
बाबा वाटा देत नाही,
पिल्लं रडायची थांबत नाहीत."

बकूने गाल फुगवले. म्हणाली, "आई चिरते. बाबा बसतो. माझ्याशी कोणी खेळत नाही. बाबा घोडा होत नाही, मी शिट्टी देत नाही. जा."

मुंगीचे पाय दुखले. सगळे दुखले. तिला पाय जास्त असतात. तरी गेली. तुरुतुरु तुरुतुरु.

बाबा तिथेच बसला होता.

"बाबा बाबा, घोडा हो."

"परत तू? का गं मुंगे?"

"बाबा घोडा होत नाही,
बकू शिट्टी देत नाही,
कुकर शिजवत नाही,
डबा भरत नाही,
आई ताट वाढत नाही,
बाबा वाटा देत नाही,
पिल्लं रडायची थांबत नाहीत."

बाबाचं पोट बोललं, गुर्रर्र गुर्रर्र. बाबा म्हणाला, "रिकाम्या पोटी घोडा? आई ताट वाढत नाही, मी घोडा होत नाही. जा."

"कुठे जाऊ?"

"आईकडे."

मुंगी खाली बसली. आई म्हणणार, डबा. डबा म्हणणार, कुकर. कुकर म्हणणार, बकू. बकू म्हणणार, बाबा. बाबा म्हणणार, आई. गोल गोल गोल. आणि फटीत पिल्लं, किंईं किंईं.

मुंगी म्हणाली, "बाबा, हा तुझाच अंगठा ना?"

"हो. का?"

"काही नाही."

चुटुक.

"आई आई आई गं," बाबा उडाला. टुणुक टुणुक. एका पायावर. पोट हललं, डुगुडुगु. मग बाबा खाली वाकला. हात टेकले, गुडघे टेकले. "कुठाय ती? कुठाय ती मुंगी?"

बकूने पाहिलं. हात टेकलेले. गुडघे टेकलेले.

"घोडा झाला," बकू म्हणाली आणि पाठीवर चढली.

दोन्ही हातांनी बाबाची कॉलर धरली. मूठ सुटली. शिट्टी पडली, टण्ण.

आई धावली. "अगंबाई, शिट्टी इथे? आणि मी तुला बोलत होते."

"मी सांगत होतो, मी नाही घेतली," घोडा म्हणाला.

"घोडे बोलत नाहीत," बकू म्हणाली. "चल."

घोडा चालला, टप टप टप.
आईने शिट्टी लावली, खट्ट.
कुकर शिजवू लागला, कुईईई.
डबा भरला, खडम.
आईने ताट वाढलं.

ताटात अंडं. ताटात गाजर. ताटात रताळं, वाफाळतं. बाबाने हात पुढे केला आणि थांबला. ताटाशेजारी मुंगी उभी होती.

"मुंगे, शीत तर नाही," बाबा म्हणाला. "गुहेतला माणूस भात खात नव्हता."

"मग गुहेतल्या मुंगीला देत असेल ते दे."

बाबाने विचार केला. मग रताळ्याचे चार कण ताटाबाहेर ठेवले. कण गोड होते, मऊ होते. मुंगीने एक उचलला. नेला. परत आली. दुसरा उचलला. नेला. तिसरा. चौथा. तुरुतुरु तुरुतुरु.

पिल्लं रडायची थांबली.

बाबा जेवला. आई जेवली. बकू पाठीवरून उतरलीच नाही, तिथेच बसून जेवली.

मुंगी निघाली तसा बाबा म्हणाला, "मुंगे, एक सांग. रोज तू माझ्याच ताटातलं खातेस. मग तुझी कंबर अशी बारीक कशी?"

मुंगी म्हणाली, "मी चालत येऊन मागते, बाबा. तू बसून मागतोस."