उंबऱ्याबाहेरचा रंग

दुकानातल्या वस्तू आपसांत बोलत, त्या काळची ही गोष्ट. एका काचेच्या कपाटात चकचकीत टॅब्लेट आणि मंद रंगांच्या पडद्याचा, पुस्तकं वाचायचा ई-रीडर शेजारी राहत. टॅब्लेट रोज टोमणा मारी, "तुझे रंग म्हणजे दहादा धुतलेली साडी! तुला कोण नेणार?" ई-रीडर खजील होई. वर्षभरात त्याला कुणी हातही लावला नव्हता.

एका दुपारी कुमुदिनीबाई सबनीस आल्या. रोज अंगणात बसून पक्ष्यांची पुस्तकं वाचायची हा त्यांचा नेम. त्यांनी दोघांवरही खंड्या पक्ष्याचं पान उघडायला लावलं. टॅब्लेटवरचा निळा असा झळकला, की ई-रीडरने आशाच सोडली.

"थांबा," बाई दुकानदाराला म्हणाल्या, "साडीचा रंगसुद्धा मी दुकानातल्या दिव्याखाली ठरवत नाही." आणि दोघांनाही घेऊन त्या उंबऱ्याबाहेर उन्हात गेल्या.

टॅब्लेटच्या चकाकत्या काचेत त्यांना फक्त स्वतःचा चेहरा दिसला. ई-रीडरवर मात्र खंड्या तसाच बसला होता, शांत निळा, आणि त्याच्याखालची ओळन् ओळ स्वच्छ.

"मग, कोणता देऊ?" विचारत दुकानदार बाहेर आला, तेव्हा बाई पायरीवर बसून चौथं पान वाचत होत्या.