आठ घरांची विहीर

कठड्यावरच्या या दोन उभ्या आणि दोन आडव्या रेघा फुली-गोळा खेळायला काढलेल्या नाहीत. पाहुणे येतात, खडू घेऊन बसतात, मागून आम्ही पुसत राहतो. दर वेळी संताप येतो. ते चिनी अक्षर आहे. त्याचा अर्थ विहीर.

साहेबाच्या काळात वरच्या डोंगरावरल्या तुरुंगात चिनी कैदी होते, असे सांगतात. त्यांतला वोंग नावाचा एक जण शिक्षा संपल्यावर आमच्या कोंडवशी वाडीत राहिला. लोक त्याला वोंगबा म्हणत. वाडीत घरं आठ. पाणी इनामदाराच्या ओढ्याचं, तेही त्याच्या म्हशी डुंबून गेल्यावर. वोंगबाने आठही घरांना सोबत घेतलं आणि दोन उन्हाळे खणून वाडीच्या मधोमध ही विहीर पाडली.

पाणी लागलं, कठडा बांधून झाला आणि इनामदार आला. त्याने कठड्यावर स्वतःचं नाव कोरून घेतलं. "जमीन माझी, तर पाणीही माझं. आधी वाड्याचे हंडे, मग तुमच्या घागरी."

वाडी गप्प बसली. मला राग येतो तो त्या गप्प बसण्याचाच जास्त. वोंगबाने मात्र छिन्नी उचलली आणि त्या नावावरूनच चार रेघा ओढल्या.

"काय रे चिन्या, पोरांचा खेळ मांडलास व्हय?"

"आमच्याकडं विहीर अशी लिहितात," वोंगबा म्हणाला. "लई जुनं अक्षर. या रेघांनी जमिनीचे नऊ तुकडे होतात बघा. कडेचे आठ, आठ घरांचे. मधला सगळ्यांनी मिळून कसायचा, त्याचं पीक राजाला."

इनामदार खदाखदा हसला. "मग मधलं माझंच की रे!"

"पीक न्या. विहीर आठ घरांची."

इनामदाराने विहीर बुजवायचा हुकूम सोडला. गडी दगड घेऊन आले. तेव्हा वोंगबा दोर धरून आत उतरला आणि कमरेएवढ्या पाण्यात उभा राहिला. "टाका आता."

मग कुठे वाडीला जाग आली. वाडीतली ठकूबाई पहिली उठली. घरटी एक बाई कठड्यावर पाय आत सोडून बसली. दगड टाकायला जागाच उरली नाही. तीन दिवस त्या हलल्या नाहीत, म्हणे. चौथ्या दिवशी गडी दगडांच्या पाट्या तिथेच सोडून निघून गेले. वोंगबाला वर काढलं तेव्हा त्याचे पाय गारठून लाकूड झाले होते. आठवड्याभरात तो गेला.

आजही या विहिरीवर कुणाचं नाव लागत नाही. गेल्या साली एक पुढारी जाळी बसवायला आला. जाळीपेक्षा त्याच्या नावाची पाटीच मोठी. आठ घरांतल्या आठ बायका मुकाट कठड्यावर जाऊन बसल्या.

"अहो मावशी, फोटोपुरती तरी लावू द्या!"

"लावू की," मावशी म्हणाल्या, "आधी आत उतरून तीन दिवस उभे राहा."